गाडी थांबून राहिली

मला इथं आणलं ते शामरावकाकांनी. हे आधी सांगून टाकतो. पुढचं सांगताना माझं काही इकडचं तिकडं झालं, तरी एवढं तरी नीट लिहिलेलं राहील. काका माझ्या नात्यातले नाहीत. ते अमरावतीचे, मी अकोल्याचा. ते एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि मी गाड्यांच्या काचा, रबर बसवणाऱ्या दुकानात कामाला होतो. दहावीत माझे दोन विषय गेले आणि शाळा तिथंच सुटली. आज मी युरोपातल्या एका लहानशा देशात आहे. जगातल्या पैसेवाल्यांच्या मोटारी जिथं बनतात अशा एका कारखान्यात मी दारांना रबर बसवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचा करार दर वर्षी नवा होतो आणि कोण कुठं काय वाचेल, सांगता येत नाही. मला भीती वाटते. काका म्हणायचे, "गजू, तू तं सावलीलेही रस्ता देतं."

काका उंच नव्हते, पण गाडीजवळ उभे राहिले की उंच वाटायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि पाय अनवाणी. चप्पल कापडी पिशवीत घालून डिकीत ठेवायची आणि मगच आत बसायचं. कोणी हसलं तर सांगायचे, "बुटातून बाईचं बोलनं समजत नाई." बाई म्हणजे गाडी. शेठच्या प्रत्येक गाडीला ते बाईच म्हणायचे आणि तिच्याशी बोलायचे. चढावर "चाल वं माय, झालंच आता", उतारावर "हळू वं, कोनी मागं लागलं काय". मागं बसलेल्या शेठला याची इतकी सवय झाली होती की त्यांनी फोनवर बोलता बोलताच समोरच्याला सांगावं, "तुमाले नाई, गाडीले म्हनून राहिला तो."

काकांचं मूळ गाव रिद्धपूरच्या बाजूचं. माळ्याचं घर. धाकटा भाऊ वांगी, मेथी, शेवंती करायचा, आणि ती शेवंती काकू शहरात रोजच्या घरांना फुलपुड्यांनी पोचवायच्या. घर महानुभाव पंथाचं, त्यामुळे काका भेटले की "दंडवत" म्हणायचे आणि गाडीला लिंबू-मिरची बांधू द्यायचे नाहीत. शेठच्या आईला, म्हणजे आईसाहेबांना हे खटकायचं. त्या लिंबू पाठवायच्या. काका ते आदरानं घ्यायचे आणि घरी नेऊन काकूंना लोणच्याला द्यायचे.

घाईचा त्यांना मनापासून राग होता. रस्त्यात मागून कोणी हॉर्न वाजवत सुटला की ते गाडी बाजूला घेत, खिडकी खाली करत आणि त्याला हात जोडून म्हणत, "जा बाप्पा. तुह्याशिवाय अडलं असन तिथं."

माझी त्यांची ओळख झाली ती शेठच्या जुन्या गाडीमुळं. ती गाडी तिच्या स्वतःच्या देशात बनलेली, जहाजातून मुंबईला उतरलेली. तिच्या मागच्या दाराचं रबर फाटलं होतं. नवं रबर परदेशातून मागवलं, पण अमरावतीत कोणी हात लावायला तयार होईना. बिघडलं तर कोण भरणार? मग काका ते रबर शेजारच्या सीटवर ठेवून, गाडी घेऊन, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला आमच्या दुकानात आले. मालक गावाला गेले होते. मी म्हटलं, मालक आल्यावर बघू.

"तुले येते का?"

"येते. पण गाडी केवढी मोठी आहे, काका."

"गाडी मोठी हाय, दार तेवढंच हाय. लाव."

मी लावलं. काका दाराकडं न बघता माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. झाल्यावर ते त्या दिवशीचा पेपर घेऊन मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं आणि आतून खूण केली, पानी सोड. मी नळी घेऊन गाडीवर पाणी सोडलं. काका आत पेपर वाचत बसले. पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, बाजारभावांचं पान वाचलं. मी भिजलो, दुकानासमोर लोक जमले, चहावाल्यानं विचारलं की आतला माणूस अडकलाय काय. शेवटी काका उतरले आणि पेपर माझ्या हातात दिला. कोरडा होता.

"पाह्य," ते म्हणाले, "मरनाची बातमी वाचली, तरी रडू नाई आलं. एक थेंब नाई."

त्या दिवसापासून त्यांनी मला धरलं. अकोल्याकडं फेरी झाली की दुकानावर थांबायचे. शेठच्या ओळखीत नागपूरला एक एजन्सी होती. ती परदेशातल्या कारखान्यांना माणसं पुरवायची. काकांनी शेठला सांगून माझं नाव तिथं घातलं. मी नको म्हणत होतो. इंग्रजी येत नाही, विमान पाहिलेलं नाही, आई एकटी आहे. काका म्हणाले, "इंग्रजी त्या रबराले येते काय?"

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी शेठला विचारलं, "गाडी लय दिवस गावातच हाय, तिचे पाय मोकळे करून आनू का?" शेठ हसून हो म्हणाले. त्यांना माहीत होतं. काकांनी मला अमरावतीला बोलावलं आणि मागच्या सीटवर बसवलं. मी पुढं बसतो म्हटलं तर म्हणाले, "चूप बस. आज तू सवारी हायेस." नागपूरला एजन्सीच्या दारात त्यांनी गाडी उभी केली, उतरून वळसा घातला, माझं दार उघडलं आणि मान झुकवून उभे राहिले. एजन्सीचा साहेब खिडकीतून बघत होता. मी उसन्या पँटमध्ये उतरलो. आत गेल्यावर साहेबानं मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. बाकीची पोरं भिंतीला टेकून उभी होती. मुलाखत रबराची होती, ती मी दिली, पण बसायला खुर्ची मिळाली नसती तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, हे मला आजही ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर काकांनी गाडी थांबवून मला पुढं बसवलं. "झालं तुहं शेठपन," म्हणाले.

आता इथलं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ही गाडी ज्या देशाची म्हणून जगभर ओळखली जाते, त्या देशात ती आता बनत नाही. तिथं मजुरी फार पडते म्हणून कंपनीनं तिचं काम उचलून या देशात आणलं. इथल्या लोकांची मजुरी कमी, पण इथं माणसंच पुरेनात. म्हणून मग आम्ही. माझ्या डाव्या हाताला व्हिएतनामची एक बाई असते, उजव्या हाताला नेपाळचा पोरगा, समोर सर्बियाचा. आम्हाला सगळ्यांना मिळून येणारा शब्द एकच, "ओके". मी नवीन होतो तेव्हा शिकवायला मूळ देशातून एडवर्ड नावाचे म्हातारे आले होते. तिकडच्या कारखान्यातलं त्यांचं खातं बंद झालं होतं आणि तेच काम आम्हाला शिकवून त्यांना घरी बसायचं होतं. दार आणि चौकट यांच्या फटीतून ते अंगठा फिरवायचे. अंगठा अडला की पुन्हा काढायला लावायचे. शिकवताना कधी चिडले नाहीत. शेवटच्या दिवशी मात्र कोणाशी न बोलता गेले. त्यांच्यानंतर फट तपासायला कॅमेरा आला. कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाही, तोही चुका पकडतो. पण एखादी गोष्ट हाताला खटकली, तर ती खटकली हे सांगायला आमच्याजवळ भाषा नाही, आणि गाड्या वाहून नेणारा पट्टा तर पुढं जातच असतो. वायर एका देशातून येते, तिची पेटी दुसऱ्या देशातून, जोडणारा तिसऱ्या देशाचा. सगळे ओके म्हणतात.

काका फोनवर नेहमी विचारायचे, "तिच्या देशातून तुह्याकडं नेली म्हनून बाई बिघडली काय रे? खरं सांग." मला खरंच सांगता यायचं नाही. मी रबर बसवतो, मला रबरापुरतं कळतं. आमचे हात वाईट नाहीत एवढं सांगेन. आणि हेही आहे की गाडी तिच्या देशातच राहिली असती, तर मी आज अकोल्यात रबर लावत असतो. आईचं घर या नोकरीवर चालतं. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू की हलवली ते वाईट केलं?

शेठनं नवी गाडी घ्यायचं ठरवलं आणि काकांचा फोन आला. ते जवळजवळ ओरडत होते.

"गजू, बाई कोठून येऊन राहिली मालूम हाय का? तुह्या गावातून! कागद पाह्यले म्या. तुह्याच देशाचं नाव हाय."

"काका, हा माझा देश नाही."

"तू तिथं भाकर खातं ना? मंग झालं."

गाडी घरी आली त्या दिवसाचा व्हिडिओ त्यांनी पाठवला होता. गुरुजी पूजा करताहेत, आईसाहेब लिंबू ठेवताहेत, आणि काका कॅमेरा दाराच्या रबरावर नेऊन म्हणताहेत, "हे तुहंच काय?" दिवसाला इतकी दारं माझ्या हातून जातात, रात्रीच्या पाळीला दुसराच असतो. मी म्हटलं, असन काका. मग काय, त्यांनी अख्ख्या अमरावतीत सांगितलं. पेट्रोल पंपावर, टायरवाल्याकडं, काकूंच्या फुलांच्या घरांत. आमच्या पोट्ट्यानं केलेली गाडी. शेठच्या पुण्याच्या जावयानं जेवताना टोमणा मारला की ही आता खरी गाडी राहिली नाही, स्वस्तातल्या देशात बनते, खरी होती ती जुनी. शेठचं तोंड उतरलं. त्या दिवशी मदतीला म्हणून वाढायला उभ्या असलेल्या काकूंनी मला सांगितलं की बाहेर हे ऐकून काका तसेच दारात आले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा जन्म कोनत्या दवाखान्यातला, ते इचारून पोरगी देली काय आमी?" आईसाहेब इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

नव्या गाडीत बोलणारी यंत्रणा होती. तिच्याशी इंग्रजीत बोललं की ती एसी कमी-जास्त करायची, गाणी लावायची. काकांना वाटलं, आपण इतकी वर्षं बाईशी बोलतो, आता कुठं ती उत्तर देणार. त्यांनी सगळ्या तऱ्हेनं बोलून पाहिलं. "थंड कर वं." "बस झालं वं." "काहून वं, रुसली काय?" दर वेळी ती गोड आवाजात इंग्रजीतून तेच सांगायची, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. काका मला म्हणाले, "जुनी मुकी होती, पन समजे तरी तिले. हे बोलते अन् समजत नाई." मी हसलो होतो.

पुढं जे झालं ते मी सुट्टीवर गेलो तेव्हा ऐकलं. काही काकांकडून, बाकीचं काकूंकडून.

आईसाहेबांचा पंचाहत्तरीचा सोहळा शेठनं सेमाडोहला, जंगलातल्या विश्रामगृहात करायचं ठरवलं. घरचे सगळे आदल्या दिवशी पुढं गेले. नवी गाडी घेऊन काका एकटे सकाळी निघणार होते, कारण हार आणि फुलं ताजी हवी होती. काकांच्या भावानं पहाटे शेवंती तोडली, काकूंनी हार केले, गाडीची मागची सीट फुलांनी भरली. फुलं कोमेजू नयेत म्हणून एसी लावला. परतवाडा मागं पडलं, घाट लागला आणि गाडी बंद पडली. काकांनी चालू केली, चालू झाली. थोडं पुढं जाऊन पुन्हा बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. वळणावर, चढावर, जिथं मागून बस आली तर काय होईल अशा जागी. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत काहीबाही यायचं आणि वाचेपर्यंत जायचं. काका तिला समजावत, विनवत दुपारपर्यंत असेच रखडत राहिले. शेवटी ती एका वळणाच्या कडेला बंद पडली ती पडलीच. काका गाडीतून उतरून टेकडीवर चढले, कारण तिथं फोनला थोडी रेंज होती, पण सेमाडोहला फोन लागेना, म्हणून कंपनीच्या मदतीच्या नंबरावर लावला. मराठीसाठी कोणता आकडा दाबायचा ते ऐकून दाबला. पलीकडून पुण्याकडची एक मुलगी अगदी गोड बोलली.

"मॅडम, गाडी थांबून राहिली."

"केव्हापासून थांबून राहिलीये, सर?"

"सकायपासून थांबून राहिली ना."

"बरं. एसी चालू होता का, सर?"

"चालूच ठेवला ना मॅडम. आत हार हायेत, सुकून राहिले."

"म्हणजे गाडी सकाळपासून थांबून राहिलीये आणि एसी चालू आहे. बरोबर?"

"हो मॅडम. तेच सांगून राहिलो."

मग रेंज गेली.

वऱ्हाडातल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. आमच्याकडं गाडी थांबून राहिली म्हणजे ती थांबतेय, सारखी थांबतेय, जशी पोरगी रडून राहिली म्हणजे रडतेय. पुण्याच्या मुलीला मात्र ऐकू आलं की गाडी सकाळपासून एका जागी उभी आहे आणि आत एसी चालू आहे. तिचं काय चुकलं? तिच्या मराठीत त्याचा अर्थ तोच होतो. तिनं ते इंग्रजीत पुढं कळवलं, आणि इंग्रजीत गेल्यावर काकांचे शब्द उरलेच नाहीत, फक्त तिचा अर्थ उरला.

गाडी उचलायचा ट्रक नागपूरहून दुसऱ्या दिवशी आला. तोवर वळणावर धोका नको म्हणून लावून ठेवलेल्या लुकलुकत्या दिव्यांनी बॅटरी खरंच संपली होती. नागपूरच्या वर्कशॉपनं बॅटरी भरली, गाडी चालवून पाहिली, ती सुरळीत चालली. कंपनीनं शेठला कळवलं की गाडीत दोष नाही. तुमच्या ड्रायव्हरनं ती दिवसभर एका जागी उभी करून एसी लावून ठेवला, असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे.

इकडं सोहळा फुलांशिवाय झाला होता. आईसाहेब संध्याकाळपर्यंत रस्त्याकडं बघत बसल्या होत्या. पुण्याचे जावई म्हणाले होते, थंड हवेत झोप लागली असेल ड्रायव्हरला.

शेठनं काकांना वाड्याच्या अंगणात बोलावलं तेव्हा काकू फुलपुडी द्यायला आल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला जसं सांगितलं, तसंच लिहितो.

"शामराव, तू फोनवर म्हतलं काय, गाडी सकायपासून उभी हाय म्हनून?"

"शेठ, मी म्हतलं थांबून..."

"एसी लावून झोपला होता काय?"

"मी? बाईत?"

"मंग गाडीतच दोष हाय. तसं असन तं साफ सांग. मी सोडत नाई त्या कंपनीले. कोर्टात खेचतो. कोन कामावर होतं, कोनाच्या हातानं गेली, सगळे उघडे पाडतो. एकेकाले घरी बसवतो."

काकू म्हणाल्या, "तेवढं आयकलं अन् थे पायाकडं पाहात राहिले. मी दारातून खुनावून राहिली, बोला ना, सांगा ना काय झालं थे. तं म्हनते कसे, माहीच चूक असन शेठ. डोया लागला असन. शेठनं तवाच कामावरून काढलं."

"असं का म्हणाले ते, काकू?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "तुले नाई समजलं? तुही नोकरी गेली असती ना बावा."

काकूंनी चहा ठेवला, तो निवला, त्यांनी पुन्हा गरम केला. हजारो माणसांचा तो कारखाना. कोणती गाडी कोणाच्या हातून गेली हे आम्हालाही कळत नाही, आणि चालती गाडी बंद पडायला रबराचा काही संबंध नसतो. शेठनं कितीही मोठं कोर्ट गाठलं असतं, तरी अमरावतीची तक्रार माझ्या पट्ट्यापर्यंत पोचली नसती. पण काकांच्या मनात ती गाडी मी केली होती. पेट्रोल पंपापासून टायरवाल्यापर्यंत त्यांनीच तसं सांगितलं होतं. गाडीला दोष दिला असता, तर तो त्यांच्या लेखी मलाच दिला असता.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता शेठकडं गेलो. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी बसवलं, इकडचं थंडी-पाणी विचारलं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, काका नेमकं काय बोलले आणि त्या मुलीला काय कळलं ते. शेठ अमरावतीचेच. त्यांच्या ते एका क्षणात लक्षात आलं.

"हत् तेरी! थांबून राहिली!" ते मांडीवर थाप मारून हसले. मग हळूहळू हसू ओसरलं. बाहेर गाडीच्या जागी वेगळीच गाडी उभी होती, दुसऱ्या कंपनीची.

"ती गाडी कुठं आहे, शेठ?"

"देली बदलून."

"काहून? नवीनच होती."

"मन भरलं," ते म्हणाले, आणि चहाच्या कपाकडं बघत राहिले.

ती पुन्हा बंद पडली असणार, असं मला वाटलं. कदाचित शेठ स्वतः आत असताना. विचारायची हिंमत झाली नाही. मी एवढंच म्हटलं, "शेठ, मग काकांना एकदा सांगा ना. कामावर नका घेऊ, पण एवढं सांगा की त्यांची चूक नव्हती."

"आता दुसरा पोरगा ठेवला ना गाडीवर. अन् शामरावनं सोताच्या तोंडानं कबूल केलं होतं, चार लोकायसमोर. मी काय म्हनू आता?"

"नुसतं सांगा, शेठ."

"पाहू," ते म्हणाले.

काकांना दुसरं काम मिळालं नाही. शहरात गाड्या ठेवणारी घरं मोजकीच, आणि सगळी एकमेकांच्या लग्नाला जाणारी. शामराव मालकाच्या गाडीत एसी लावून झोपतो, आईसाहेबांचा सोहळा त्यानं बिघडवला, हे सगळीकडं पोचलं होतं. ते आता भावाची पिकअप चालवतात. पहाटे मेथी, वांगी, फुलं भरून भाजीबाजारात, दिवसभर कोणाचं काय असेल ते.

परत यायच्या दिवशी त्यांनीच मला बडनेरा स्टेशनला सोडलं. मागं मेथीच्या रिकाम्या जाळ्या होत्या. मी ठरवून आलो होतो की विचारायचं, काका, का बोलला नाहीत? आणि सांगायचं, मला काहीच झालं नसतं. रस्ताभर ते तोंडाशी आलं. काका मात्र खुशीत होते. तिकडं बर्फ पडतो तेव्हा चुलीचं काय करतात, नेपाळचा पोरगा जेवतो काय, व्हिएतनामची बाई कोणत्या देवाची, असं विचारत होते. मग मध्येच म्हणाले, "ते रबर लय चांगलं होतं बरं तुहं. दोन पावसाळी सरी झेलल्या, थेंब नाई आला आत."

"हो का, काका?"

"मंग! मी सगळ्याईले सांगतलं. अन् तुह्या कंपनीवाल्यायनं तुले काई म्हतलं तं नाई ना? मांगच्या साली? काई चौकशी-गिवकशी?"

"नाही, काका."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि असे निवांत मागं टेकले की माझ्या तोंडातलं सगळं तिथंच राहिलं. मला काही झालं नसतं हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांनी सगळं फुकट घालवलं हे सांगायचं. तेवढं माझ्यानं झालं नाही. काका पेपर वाचतात, पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत, म्हणूनच इथं लिहितोय. हे त्यांना सांगायचं नाही, अशी काकूंना मी शपथ घातली आहे.

स्टेशनसमोर गर्दी होती. काकांनी माझी बॅग उतरवली, दंडवत म्हणाले, मी वाकलो तर खांद्याला धरून उभं केलं. तेवढ्यात पोलिसाची शिट्टी वाजली.

"ए पिकअप! काढ लवकर!"

काकांनी चटकन हात वर केला, "काहाडतो साहेब, काहाडतो," म्हणाले, आणि धावत जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. पिकअप पहिल्या झटक्यात चालू झाली नाही. पोलिसानं पत्र्यावर काठी आपटली. दुसऱ्यांदा चालू झाली आणि काका रिक्षांच्या मधून, मागं न बघता, निघून गेले.

इथं आल्यावर मी आमच्या रांगेच्या साहेबाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगायचा प्रयत्न केला होता, की ही गाडी आमच्याकडं घाटात बंद पडते, कोणाला तरी कळवा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, ओके. पट्टा चालू होता. करार संपायला आला आहे आणि यापेक्षा मोठ्यानं बोलायची माझ्यात धमक नाही. पण काका, मी भाषा शिकून राहिलो. इथल्या साहेबांचीही आणि पुणेकरांचीही. शेठ आहेत, आईसाहेब आहेत, ते जावईबापू आहेत. एक दिवस मी अमरावतीला येईन आणि त्या सगळ्यांसमोर तुम्हाला खुर्चीवर बसवून, शामराव झोपला नव्हता, हे शेठच्या तोंडून म्हणवून घेईन. कसं, ते आज मला माहीत नाही. पण तुमचे उपकार मी तसेच फेडीन.